वेस्ट कोस्ट ट्रेल : ७५ किलोमीटरला पाच दिवस पुरतील ना?

रानवारा

मंडळी, पुढच्या उन्हाळ्यात आम्ही चौघं कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरची वेस्ट कोस्ट ट्रेल करायचं म्हणतोय. पचीना बे ते गॉर्डन रिव्हर, एकूण ७५ किलोमीटर. तंबू, स्टोव्ह, शिधा सगळं पाठीवर घेऊन डोंगरात हिंडायची चौघांनाही सवय आहे. चढउतारासकट दिवसाला १८-२० किमी आरामात होतात. इथे तर सगळी वाट समुद्राच्या कडेने, मग चढ असून असून किती असणार? म्हणून साधा हिशोब केला : रोज १५, पाच दिवस. सुट्टीही तेवढीच मिळतेय.

पण जो तो सहा ते आठ दिवस म्हणतो. हे जरा जास्तच सावधपणाचं वाटतंय. झेपेल ना पाच दिवसांत? शिवाय उत्तरेकडून सुरू करावं की दक्षिणेकडून? आणि भरती-ओहोटीचा एवढा बाऊ का करतात? पाणी आलं तर थोडं वर सरकायचं, एवढंच ना?

पॉपकॉर्नवाला

"पाणी आलं तर थोडं वर सरकायचं." हे वाक्य जपून ठेवा. मी पुढच्या रांगेत बसलोय.

दर्यावर्दी

रानवारा, वर सरकायला 'वर' काहीतरी असावं लागतं. या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला सरळ उभा कडा. मधली वाळूची किंवा खडकाची पट्टी ओहोटीतच असते. भरतीत ती नसतेच.

आता तुमचा सरासरीचा हिशोब. ही वाट एकसारखी नाही, तिचे दोन स्वभाव आहेत. पचीना बेकडून निघालात तर पहिले दहा-बारा किलोमीटर जंगलातली रुंद, बरीचशी सपाट वाट आहे. मिशिगन क्रीकला समुद्र भेटतो, पुढे त्सुसिआट धबधबा (२५ वा किमी), निटिनॅटचं पाणी ओलांडायची नौका, मग क्रिब्ज क्रीक, कार्माना. इथवर दिवसाला १५ होतील, जास्तही होतील. वॉलब्रन क्रीक (५३ वा किमी) ओलांडला की खेळ बदलतो. लोगन, कलाइट, कॅम्पर बे, थ्रॅशर कोव्ह : प्रत्येक ओढ्याला खोल घळ, घळीत उतरायला लाकडी शिड्या, पलीकडे चढायला पुन्हा शिड्या. संपूर्ण वाटेवर शंभराहून जास्त शिड्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक या शेवटच्या वीस-बावीस किलोमीटरमध्ये. मधे गुडघाभर चिखल, कुजक्या फळ्या, बाहेर आलेली मुळं. इथे तासाला एक किलोमीटर हा चांगला वेग समजायचा. कॅम्पर ते थ्रॅशर नकाशावर आठ किलोमीटर आहे. त्याला अख्खा दिवस द्या.

शंकासूर

तासाला एक? एवढ्या वेगाने तर सरकारी फाईल जाते.

दर्यावर्दी

फाईलच्या पाठीवर अठरा किलो नसतं शंकासूर.

अबोली

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

वाळूबद्दल थोडं. "सपाट म्हणजे सोपं" हा समज वाळू पहिल्या तासात मोडून काढते. १९९८ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी मोजून दाखवलंय की मोकळ्या वाळूवर चालायला त्याच वेगाने कठीण जमिनीवर चालण्याच्या दुप्पट ते पावणेतीनपट ऊर्जा लागते. पाय खाली रुततो आणि मागे घसरतो, दोन्हीकडे शक्ती वाया. त्यामुळे माहितीतले लोक चालतात ते पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट पट्टीवरून. आणि ही घट्ट पट्टी मिळते कधी? ओहोटीला. म्हणजे जिथे जिवाला धोका नाही तिथेसुद्धा वेळापत्रक समुद्राचंच. भरतीत त्याच किनाऱ्यावर तुम्ही वरच्या भुसभुशीत वाळूत किंवा गोल गोट्यांत पाय ओढत असता.

ओल्या खडकावरचं हिरवं शेवाळ दिसतं तरी. काळपट, चकचकीत खडक जास्त फसवा. वाहून आलेले ओंडकेही तसेच, सुकलेला ओंडका पायवाटेसारखा, भिजलेला नुसता साबण.

रानवारा

बापरे. बरं, म्हणजे सरासरी काढायची नाही. पण भरती-ओहोटी तर रोज ठरलेल्या वेळी येते ना? एकदा पाहून ठेवलं की झालं?

गणिती_गोगलगाय

माझा विषय आला!

ठरलेल्या वेळी येते, पण ती वेळ रोज सरकते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तोवर चंद्रही पुढे गेलेला असतो, म्हणून भरतीचा 'दिवस' साधारण २४ तास ५० मिनिटांचा. आज ओहोटी सकाळी सातला असेल तर पाचव्या दिवशी तीच सव्वादहाच्या पुढे. तेव्हा "रोज आठला निघू" असा नियम करता येत नाही. कधी अंधारात तंबू आवरायचा, कधी अकरापर्यंत शांत बसायचं.

दुसरं, या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, पण सारख्या नाहीत. एक ओहोटी खोल जाते, दुसरी अर्धवट. नुसती 'ओहोटी' बघून निघालात आणि ती अर्धवटवाली निघाली तर पाणी हवं तेवढं उतरणारच नाही. वेळेइतकीच उंची महत्त्वाची. ओवेन पॉइंटचं उदाहरण घ्या, थ्रॅशरजवळचं ते गुहा असलेलं टोक. तिथून जायला पाणी १.८ मीटरच्या खाली हवं. भरती-ओहोटीच्या तक्त्यात तेवढं उतरलेलं दिसत नसेल तर जंगलातली वाट धरायची, विषय संपला.

तिसरं, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, दोन्हींतला फरक कमी. उधाणात चालायची खिडकी छान मिळते पण रात्री पाणी तंबूच्या जास्त जवळ येतं. नोंदणी करताना चंद्र बघून तारखा घ्या.

आणि पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ नियम बाराव्या हिश्शाचा : सहा तासांत पहिल्या तासाला १ हिस्सा, मग २, ३, ३, २, १. फरक ३ मीटरचा असेल तर पहिल्या तासात २५ सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ७५. "तासभर झाला, फारसं चढलं नाही, अजून वेळ आहे" असं वाटतं तेव्हाच वेळ संपत आलेली असते.

शंकासूर

पण गोगलगाय, हा बाराव्या हिश्शाचा नियम सारख्या भरत्यांसाठी आहे ना? तुम्हीच वर म्हणालात इथे भरत्या असमान आहेत. मग एका बाजूला सात तास, दुसऱ्या बाजूला पाच, असं होणार. नियम गेला की पाण्यात.

गणिती_गोगलगाय

मुद्दा मान्य. म्हणून ढोबळ म्हटलं. नियम मिनिटं काढायला नाही, मधल्या तासांत पाणी धावतं हे लक्षात राहायला. खरी वेळ तक्त्यातूनच घ्यायची.

निवृत्त_नकाशेवाला

तक्त्यावरून एक सांगतो. कॅनडाचे छापील सरकारी भरती-तक्ते प्रमाणवेळेत असतात. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात. म्हणजे तक्त्यातल्या वेळेत एक तास मिळवायचा. काही ॲप्स हे आपोआप करतात. त्यात आपण पुन्हा एक तास मिळवला तर उलटीच गंमत. आपल्या हातातला तक्ता कुठल्या वेळेत आहे हे निघायच्या आधी ठरवून त्यावर पेनाने लिहून ठेवा. या वाटेसाठी टोफिनोचा (याच बेटावरच्या किनारी गावाचा) तक्ता वापरतात. सीमेपलीकडचा अमेरिकी तक्ता फुटांत असतो, शून्य कुठे धरायचं याची पद्धतही वेगळी. दोन्ही मिसळू नयेत.

आणि तक्ता म्हणजे अंदाज, तोही फक्त सूर्यचंद्राचा. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर वर येतं. वादळी हवेत दाब २५-३० ने खाली असेल तर तेवढे सेंटिमीटर तक्त्यावर चढवा, शिवाय किनाऱ्याकडे लोटणारा वारा आणि लाटा. १.८ ची मर्यादा असेल आणि तक्ता १.७ सांगत असेल तर अशा दिवशी जाऊ नये.

भटकीमांजर

काका, दंडवत. शाळेत भूगोल असा शिकवला असता तर मी विज्ञान शाखेला गेलेच नसते.

निवृत्त_नकाशेवाला

मग बाई, आज भरपूर हिंडत असतीस पण बिनपगारी.

कानटोपी

लाटांचं एक राहिलं. पॅसिफिकच्या या काठावर दहा-पंधरा मिनिटं लाटा एका रेषेपर्यंत येत राहतात आणि अचानक एखादी पार वरपर्यंत धावून येते. दूरच्या वेगवेगळ्या वादळांच्या लाटा एकमेकींवर चढतात तेव्हा असं होतं, आभाळ निरभ्र असलं तरी. ती माणसाला ओढते त्याहून वाईट म्हणजे ती ओंडके हलवते. किनाऱ्यावर पडलेली मोठी खोडं वितभर पाण्यातही तरंगून लोळतात, आणि खाली पाय सापडला की संपलं. समुद्राला पाठ दाखवू नका आणि पाण्यालगतच्या ओंडक्यावर बसून फोटो काढू नका.

पॉपकॉर्नवाला

अर्धे ट्रेकर तर फोटोसाठीच जातात हो.

अबोली

उत्तर की दक्षिण यावर कोणीच बोललं नाही. माझं मत : गॉर्डन रिव्हरकडून, म्हणजे दक्षिणेकडून सुरू करा. अवघड भाग ताज्या पायांनी आणि ताज्या डोक्याने उरकतो. नंतर त्सुसिआटचा धबधबा, लांब पुळणी, सगळं बक्षीस म्हणून मिळतं. शेवटच्या दोन दिवशी दमलेल्या गुडघ्यांनी त्या शिड्या उतरणं मला तरी पटत नाही. घसरणं, मुरगळणं हे थकव्यातच होतं.

दर्यावर्दी

पूर्ण असहमत, प्रेमाने. दक्षिणेकडून निघालात तर पाठीवर सगळ्या दिवसांचं अन्न असताना त्या शिड्या चढायच्या. आठ दिवसांचं अन्न म्हणजे माणशी पाच-सहा किलो तरी. उत्तरेकडून आलात तर शिड्यांपर्यंत ते निम्म्याहून खाली आलेलं असतं, पाय तयार असतात, पट्टे कुठे रुततात ते कळलेलं असतं, आणि ओहोटी वाचायची सवय सोप्या भागात झालेली असते. डोंगरवाल्यांना समुद्र नवीन आहे. त्यांनी पहिल्याच सकाळी ओवेन पॉइंटला उभं राहू नये.

अबोली

पण मग शेवटचा दिवस? गॉर्डन रिव्हरला पैलतीरावर जायला नौकाच लागते, तिला वेळा आहेत. थ्रॅशरवरून निघून पुन्हा वर चढायचं, मग ट्रेलचा सर्वांत उंच भाग, आणि मनात नौकेची घाई. घाई आणि ओलं लाकूड एकत्र नको. दक्षिणेकडून सुरू करणाऱ्याला शेवटी पचीनाची रुंद वाट, पाय आपोआप पडतात.

दर्यावर्दी

हा मुद्दा वजनदार आहे. त्याला माझं उत्तर एकच, एक दिवस हातचा ठेवा. पण मी उत्तरवालाच.

शंकासूर

रानवारांनी प्रश्न विचारला होता, इथे कोकाकोला-पेप्सी सुरू झालंय.

भटकीमांजर

जरा अवांतर. ही वाट मुळात कोणासाठी बांधली हे कोणाला माहीत आहे का? हौशी लोकांसाठी नाही, बुडणाऱ्यांसाठी!

जानेवारी १९०६ मध्ये 'व्हॅलेन्सिया' नावाची प्रवासी आगबोट सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला निघाली होती. खराब हवेत किनारा दिसेना, हुआन द फुकाच्या सामुद्रधुनीचं तोंड हुकलं आणि ती पचीना पॉइंटजवळच्या खडकांवर आदळली. किनारा डोळ्यांना दिसत होता तरी तिथे उतरता येईना, आणि उतरलेल्यांना कडा चढून मदतीपर्यंत पोचता येईना. शंभराहून जास्त माणसं गेली. बायका आणि मुलं यांतलं एकही वाचलं नाही. त्यानंतर सरकारने पचीनाला दीपगृह उभारलं आणि जुन्या तारयंत्राच्या लाइनीलगत वाट काढली, जहाज फुटून काठावर आलेल्यांना चालत सुटका करून घेता यावी म्हणून. मधे आसरे, आसऱ्यांत फोन आणि शिधा. या पट्ट्याला पॅसिफिकचं कब्रस्तान म्हणतात. अजूनही ओहोटीला गंजलेले नांगर, बाष्पकाचे तुकडे उघडे पडतात.

आणि हे ऐका, १९३३ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी, त्याच बोटीची एक जीवनरक्षक होडी जवळच्या बार्कली साउंडमध्ये तरंगताना सापडली. तिची नावपाटी व्हिक्टोरियाच्या सागरी संग्रहालयात आहे.

शंकासूर

२७ वर्षं होडी तरंगत होती? कोण वल्हवत होतं?

पॉपकॉर्नवाला

आता मी नाही जात.

निवृत्त_नकाशेवाला

भटकीमांजर, छान लिहिलंत. एक भर घालतो. तारेच्या आधीही ही वाट होतीच. हू-आय-आट, डिटिडाट आणि पाचीडाट या तिथल्या मूळ रहिवाशांची ही भूमी, त्यांची गावं आणि त्यांचे जाण्यायेण्याचे रस्ते. आजही वाटेत त्यांच्या राखीव जमिनी लागतात, तिथे परवानगीशिवाय वाट सोडून शिरायचं नाही. निटिनॅटची नौका चालवणारे आणि वाटेची देखभाल करणारे बरेचजण त्यांच्यापैकीच.

त्यांच्या पचीना बेच्या आठवणीत एक रात्र आहे. जमीन हलली, मग समुद्र आला आणि खालच्या वस्तीतलं कोणी उरलं नाही, उंचावर राहणारे तेवढे वाचले. भूगर्भशास्त्रज्ञांना दक्षिणेला वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर जमीन खचून मेलेले देवदार सापडले, आणि जपानच्या जुन्या दप्तरांत भूकंप न जाणवता आलेल्या त्सुनामीची नोंद. सगळं जुळवून दिवस निघाला : २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास. भूकंप साधारण ९ तीव्रतेचा. तो भूकंप घडवणारी समुद्राखालची भेग अजून तिथेच आहे. म्हणून पुळणीवर मुक्काम करताना वर पळायची वाट दिवसाउजेडी बघून ठेवायची. जोराने आणि बराच वेळ हललं तर भोंग्याची, फोनची वाट बघायची नाही. बूट घालायचे आणि चढायचं. तंबू जाऊ दे.

रानवारा

मी सुट्टीचं विचारायला आलो होतो आणि तुम्ही मला मृत्युपत्र करायला लावणार असं दिसतंय. पण खरंच, थांबू नका.

कानटोपी

नद्या-ओढ्यांबद्दल : मोठ्या ओढ्यांवर हाताने ओढायचे पाळणे आहेत. आत दोघं बसा, दोर ओढत पलीकडे जा. मधे झोळ असतो तिथपर्यंत मजा, नंतर चढ, तिथे दंड बोलतात. हातमोजे घ्या. बाकीचे ओढे पायी ओलांडायचे. मुखाशी, भरती उतरलेली असताना, पसरट आणि उथळ जागी. ओलांडताना कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडलात तर पाठपिशवी टाकता येते.

अबोली

यावर दोन मतं आहेत हं. न्यूझीलंडकडे शिकवतात की छातीचा पट्टा सोडा पण कंबरेचा बांधलेलाच ठेवा, कारण आतून नीट बांधलेली पाठपिशवी तरंगते, आणि लोंबकळणारी पिशवीच तोल घालवते. गुडघ्यापर्यंतच्या ओढ्यात दोन्ही चालेल. त्याहून खोल आणि वेगाचं असेल तर पट्ट्यावर चर्चा करण्यापेक्षा काठावर बसून पाणी उतरायची वाट बघा. पाऊस थांबल्यावर हे ओढे झपाट्याने उतरतात.

पाऊस म्हणजे किती, तर या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास. बराचसा हिवाळ्यात पडतो. म्हणून तर वाट फक्त १ मे ते ३० सप्टेंबर उघडी असते. जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडे, पण धुकं असतं. कपडे वाळत नाहीत हे धरूनच चाला. झोपायचे कपडे वेगळ्या जलरोधक पिशवीत. ते काहीही झालं तरी दिवसा अंगावर चढवायचे नाहीत.

भटकीमांजर

पिण्याचं पाणी ओढ्याच्या मुखाशी भरू नका, भरतीत ते मचूळ होतं. थोडं वर जाऊन भरा. गाळून किंवा उकळून. पाणी चहासारखं तपकिरी दिसेल. कुजलेल्या पाल्याचा रंग आहे, घाबरायचं नाही. गाळणीत वाळू मात्र जाऊ देऊ नका, आधी भांड्यात थोडा वेळ निवळू द्या.

आणि खडकावरचे कालव-शिंपले फुकट दिसले तरी तोंडात घालू नका. लाल भरतीच्या वेळी (समुद्रात विषारी सूक्ष्म शेवाळ माजतं तेव्हा) त्यांच्यात जे विष साठतं ते शिजवूनही जात नाही.

पॉपकॉर्नवाला

तंबू कुठे लावायचा ते सांगा. वाळूत खुंट्या टिकतच नाहीत.

कानटोपी

खुंटी उभी ठोकू नका. कापडी पिशवीत वाळू भरा किंवा एखादं लाकूड घ्या, दोरी मधोमध बांधा आणि फूटभर खोल आडवं पुरा. वरून पाय देऊन दाबा. वाऱ्यातही हलत नाही.

जागा : वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची जी सर्वांत वरची रेषा दिसते, तिच्याही वर. काठावर अशा दोन-तीन रेषा दिसतात. खालची कालची असते, वरची उधाणाची. रात्रीच्या भरतीची उंची तक्त्यात बघायची, दुपारच्या भरतीवरून अंदाज बांधायचा नाही, कारण दोन्ही सारख्या नसतात हे गोगलगायीने वर सांगितलंच आहे. शेकोटी मात्र उलट, भरतीरेषेच्या खाली. सकाळी समुद्र झाडून नेतो.

शंकासूर

आता सगळ्यांच्या मनातला, पण कोणीच न विचारलेला प्रश्न. प्रातर्विधी?

दर्यावर्दी

वेस्ट कोस्ट ट्रेलवर मुख्य मुक्कामांना शौचालयं आहेत. अस्वलांपासून अन्न वाचवायला लोखंडी पेट्याही आहेत. कॅलिफोर्नियाच्या लॉस्ट कोस्टवर तसं काही नाही. तिथे अस्वलाला न उघडणारा कडक डबा प्रत्येकाने नेणं सक्तीचं आहे, आणि विधीसाठी तिथलं खातंच सांगतं की भरतीरेषेच्या खाली ओल्या वाळूत खड्डा करा.

शंकासूर

म्हणजे तेही तक्ता बघून!

पॉपकॉर्नवाला

पोटात हसून हसून उधाण आलंय.

रानवारा

लॉस्ट कोस्टचं नाव निघालंच आहे तर विचारतो. वेस्ट कोस्टची नोंदणी मिळाली नाही तर तो पर्याय कसा? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला ऑलिम्पिकचा किनारा आणि दक्षिण आफ्रिकेतली ऑटर ट्रेलही ऐकून आहे.

दर्यावर्दी

लॉस्ट कोस्ट : मॅटोल ते ब्लॅक सँड्स बीच, ४० किलोमीटर. डोंगर समुद्रात इतके थेट उतरतात की किनाऱ्याने येणारा महामार्गसुद्धा तिथे आत वळतो. १,२४६ मीटरचं किंग पीक समुद्रापासून जेमतेम पाच किलोमीटरवर. शिड्या नाहीत, चिखल नाही, पण साडेसहा-साडेसहा किलोमीटरचे दोन पट्टे असे आहेत की भरतीत ते पार करता येत नाहीत आणि बाजूला पळवाटही फारशी नाही. तिथे सगळी ट्रिप त्या दोन खिडक्यांभोवती बसवायची. वारा बहुतेक वायव्येकडून, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला चाला. तिथे हा वाद नाही, अबोली.

अबोली

तिथे मीही उत्तरवाली.

ऑलिम्पिकमध्ये ओझेट ते रिआल्टो, साधारण ३२ किमी. टोकं ओलांडायला जिथे वरून वाट आहे तिथे झाडावर लाल-काळ्या गोल खुणा लावलेल्या असतात, लांबून दिसतात. दोर धरून चढायचं. डबा तिथेही सक्तीचा. अस्वलांपेक्षा रॅकूनमुळे. ते चोर आहेत, पट्टीचे.

ऑटर ट्रेल निराळीच. पाच दिवस, ४५ किमीच्या आसपास, रात्री लाकडी झोपड्यांत, तंबू नाही. पण चौथ्या दिवशी ब्लॉक्रान्स नदीचं मुख ओहोटीलाच ओलांडायचं. वेळ चुकली तर पिशव्या जलरोधक करून पोहायचं. म्हणून लोक मध्यरात्रीनंतर कधीही विजेरी लावून निघतात. सुट्टी हो ही!

गणिती_गोगलगाय

आता परत मूळ प्रश्नावर. रानवारा, पाच दिवस आणि ७५ किमी. किलोमीटर बाजूला ठेवा. तुमच्या तारखांचा तक्ता काढा. त्यात दिवसाउजेडी पाणी १.८ च्या खाली किती वाजता जातं आणि किती वेळ राहतं ते रोजच्या रकान्यात लिहा. ओवेन पॉइंट आणि वाळूवरून चालायचे लांब पट्टे त्या खिडक्यांत बसवा. निटिनॅटची नौका दिवसाच चालते, तेही धरा. मग मुक्काम आपोआप पडतील. या पद्धतीने कुठलाही माणूस पाच दिवसांत बसवत नाही, बसवला तर एकही तास शिल्लक राहत नाही. एका पावसाने सगळं कोसळतं.

निवृत्त_नकाशेवाला

सुट्टी वाढत नसेल तर वाट कमी करावी. निटिनॅटला मधूनच आत येता-जाता येतं, साधारण ३३ व्या किलोमीटरला. पचीना ते निटिनॅट पाच दिवसांत अगदी रमतगमत होईल. नोंदणी करताना तसंच सांगावं लागतं, वाटेत ठरवता येत नाही.

शंकासूर

काका, पण शिड्यांशिवाय वेस्ट कोस्ट ट्रेल म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. गावात काय सांगणार?

दर्यावर्दी

मग उलट करा. गॉर्डन रिव्हर ते निटिनॅट, ४२ किमी, बहुतेक शिड्या, ओवेन पॉइंट, कार्मानाचं दीपगृह. पाच दिवस त्याला नेमके पुरतात. (हो अबोली, यात दक्षिणेकडूनच सुरुवात आहे. बोलू नका.)

अबोली

मी काही बोललेच नाही. 😌

रानवारा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री चौघं ऑनलाइन बसलो, टोफिनोचा तक्ता उघडला आणि गोगलगायीने सांगितल्यासारखे रकाने केले. आमच्या ठरवलेल्या आठवड्यात १.८ च्या खालची सोयीची वेळ पहाटे साडेचार ते सात निघाली. थ्रॅशरवरून तीनला उठून अंधारात दगडधोंड्यांतून जायला एकजण तयार, तिघं नाही. तारखा दहा दिवस पुढे ढकलल्या तरी पाच दिवसांत पूर्ण वाट बसत नाहीच.

दोन पर्याय उरलेत. एकाची रजा वाढली तर आठ दिवस, उत्तरेकडून, एक दिवस हातचा. नाही वाढली तर दर्यावर्दींचा ४२ किमीवाला. नोंदणी जानेवारीत उघडते म्हणतात, तोवर साहेबाला पटवायचंय.

एक शंका : उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र चौघांत एक पुरेल की दोन हवीत?

कानटोपी

एक पुरेल, पण ते सर्वांत पुढे धावणाऱ्याकडे देऊ नका. मागून चालणाऱ्याकडे द्या, आणि पिशवीत नाही, खांद्याच्या पट्ट्याला. वापरायचं कसं ते चौघांनाही आलं पाहिजे.

निवृत्त_नकाशेवाला

आणि घड्याळ कोणाचं धरायचं तेही आधी ठरवा. वेळेत एक तास मिळवला की नाही यावर पुळणीवर उभं राहून वाद घालू नका.

पॉपकॉर्नवाला

साहेबाला हा धागा पाठवा. विम्याच्या भीतीने रजा देईल.